तावारेस राहिला

२ ऑक्टोबर

हरलो. संपलं यंदाचं बेसबॉल.

शेवटचा फटका आपल्या तावारेसचाच होता. चेंडू उंच गेला. मी व्हरांड्यात खुर्चीच्या कडेवर आलो होतो. रेडिओवाला ओरडत होता – मागे, मागे, अजून मागे – आणि मग त्याचा आवाजच बसला. कुंपणाला पाठ लावून त्यांच्या पोराने झेल घेतला.

"गेलं," मी म्हणालो.

शेजारच्या खिडकीतून रूडी म्हणाला, "बोलू नकोस रे म्हाताऱ्या, माझ्याकडे अजून व्हायचंय."

रूडी टीव्हीवर बघतो, आणि टीव्हीत सगळं रेडिओच्या जरा मागून येतं. वर्षानुवर्षं आमचं हेच भांडण. मी आधी हळहळतो आणि त्याचा सामना नासतो. पण खिडकी काही तो लावून घेत नाही.

मग त्याच्याकडेही झेल झाला. तो म्हणाला, "गेला आता हा. न्यूयॉर्क नाहीतर लॉस एंजेलिस. बघच तू."

मी म्हटलं, "हो. गेला."

आत येऊन बसलो तर छाती धडधडत होती. दुःखाने नव्हे. इथं लिहायला हरकत नाही – दुःखाने नव्हे!

३ ऑक्टोबर

हे कुणी वाचणार नाही, तेव्हा सरळच लिहून टाकतो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात डेनिस आली होती. माझी मुलगी. ॲरिझोनात असते, फिनिक्सच्या बाहेर. तिची आई जेरी गेल्यापासून दर खेपेला तेच – बाबा, घर विका, आमच्याकडे या, मागची खोली रिकामीच आहे. आणि दर खेपेला मी नाही म्हणायचो. जेरी इथल्या मातीत आहे. घर इथं आहे. आणि ऊन खायला वाळवंटात पळणाऱ्यांना मी जन्मभर हसलो आहे. रूडीचा भाऊ तिकडे गेला तेव्हा सगळ्यांसमोर मीच म्हणालो होतो, "बर्फाला भ्याला."

त्या दिवशी आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. रेडिओ चालू होता. तावारेसचा करार पुढल्या मोसमानंतर संपतोय, आपल्या मिलवॉकीला काही तो परवडायचा नाही, जाणार म्हणजे जाणार, असं काहीतरी चाललेलं. आणि माझ्या तोंडून गेलं, "तावारेस गेला की मी पण येतो."

डेनिस माझ्याकडे बघत राहिली. "आणि राहिला तर?"

"राहिला तर मी पण राहीन."

"शब्द?"

"शब्द." हात मिळवला आम्ही.

तिला वाटलं, म्हातारा चेष्टेवारी नेतोय. मी चेष्टा केली नव्हती. या गावात जन्म काढलेल्या कुणालाही विचारा – आपल्याकडे कुणी राहत नाही. पोरगं आपण वाढवायचं, त्याच्या चुका आपण सोसायच्या, आणि हाताशी आलं की मोठ्या शहराने उचलायचं. मी लहान होतो तेव्हापासून हेच. म्हणजे मी अशा गोष्टीवर शब्द दिला होता की जी होणारच होती.

मला जायचंय. पण 'मला जायचंय' असं म्हणायला जीभ वळत नाही. म्हणून ते त्या पोरावर ढकललं. लेन ग्रोहोवस्की एकटा पडला, राहवेना, म्हणून मुलीकडे गेला – असं कुणी म्हणायला नको. तावारेस गेला म्हणून चिडून गेला – हे चालेल. हे इथं कुणालाही पटेल.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

बर्निसकडे मासे. रूडी आणि मी, नेहमीच्या खुर्च्या. गर्दी कमी होती. हरल्यावर असंच होतं, लोकांना एकमेकांची तोंडं बघवत नाहीत.

बर्निसच्या दारूच्या गुत्त्यात समोरच्या भिंतीवर आपल्या खेळाडूंचे फोटो आहेत. जो सोडून जातो त्याचा फोटो ती उतरवते आणि मागं संडासाच्या बोळात लावते. तिच्या सासऱ्याने पाडलेली रीत. बोळ आता भिंतीपेक्षा भरलाय.

आज ती हातोडी घेऊन बोळाकडे निघाली.

रूडी म्हणाला, "कुणासाठी ग?"

"विचारतोस काय. तावारेससाठी."

"अजून गेला नाही तो."

"खिळा तयार असू दे. डिसेंबरात माझे सांधे धरतात, हातोडी उचलत नाही."

"त्याला कळलं तर वाईट वाटेल."

"मग राहा म्हणावं. मीच ओढून काढीन खिळा, दातांनी."

मी म्हणालो, "जरा वर ठोक. त्याची चौकट मोठी आहे." म्हणालो आणि लगेच काळजी लागली – आवाजात आनंद तर नाही ना आला? बर्निसने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी तोंडात मासा घातला. काटा लागला.

१४ ऑक्टोबर

तळघरातली भट्टी पुन्हा कुरकुरायला लागलीय. दोनदा खाली जाऊन बघितली. काही दिसत नाही. हिवाळ्यात बंद पडली तर? पण हिवाळ्यात मी इथं असणार कुठे. हे आठवलं आणि एकदम हलकं वाटलं. तरी तिसऱ्यांदा जाऊन आलो.

२१ ऑक्टोबर

फोन वाजला. धावत गेलो, गुडघा दाराला आपटला. कुणी बाई – छप्पर दुरुस्त करायचंय का? नको म्हटलं. माझा आवाज असा फाटका निघाला की ती म्हणाली, तुम्ही बरे आहात ना? परवापासून कुणाशी बोललो नव्हतो, दुसरं काही नाही. हे तिला सांगितलं. तिने फोन ठेवला.

२ नोव्हेंबर

जेरीकडे मेणबत्ती घेऊन गेलो. आज मृतात्म्यांचा दिवस, सगळ्या थडग्यांवर दिवे असतात, पण आता आमच्या ओळीत निम्मेच दिसतात. बाकीच्यांची पोरं कुठे कुठे पांगलीत. वारा होता. मेणबत्ती लागता लागेना.

तिला सांगितलं सगळं. ती असती तर म्हणाली असती, "लेन, पोरीला सरळ सांगायचं सोडून हे बेसबॉलचं कशाला मध्ये?" जेरीला बेसबॉल कळायचा नाही. म्हणजे नियम कळायचे, माझ्यापेक्षा जास्तच. पण माणसाला बोलायचं एक असतं आणि तो बोलतो शेवटच्या डावाबद्दल, हे तिला कधी पटलं नाही.

म्हटलं, तुला सोडून जातोय असं समजू नकोस. ती काय बोलणार. मेणबत्ती मात्र लागली शेवटी.

६ नोव्हेंबर

तावारेस आजपासून मोकळा. आता कोणतीही टीम त्याच्याशी बोलू शकते.

माळ्यावरून बॅग खाली काढली. शिडी रूडीची आणली. पन्हळीतली पानं काढायचीत असं सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या पन्हळी मीच साफ केल्या ना गेल्या आठवड्यात?" मी म्हटलं, राहिली होती थोडी. खोटं बोलता येत नाही मला. बॅग पलंगाखाली सारली.

जेरीचे बर्फातले बूट चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकून आलो. घरी येईपर्यंत जिवाला घोर – थंडी पडली तर तिला काय घालायला? मग आठवलं.

२७ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगची टर्की रूडीच्या पुतणीकडे. मला बोलावलं होतं. गेलो, पण लवकर आलो. त्यांची पोरं आपसात बोलतात, मला काही विचारलं की मोठ्याने विचारतात, जसा मी बहिरा आहे.

डेनिसचा फोन आला. आधी जावई, गॉर्डन. तो कधी बोलत नाही. "थांबा, देतो" एवढंच त्याचं बोलणं. इतक्या वर्षांत मी त्याच्या तोंडून दुसरं वाक्य ऐकलं असेल-नसेल.

डेनिस म्हणाली, "काय म्हणतो तुमचा तावारेस?"

"जाणार. न्यूयॉर्कवाले त्याच्या घरी जाऊन जेवून आले म्हणे."

"म्हणजे नक्की?"

"इथं कोण राहतंय, बाई."

ती म्हणाली, "बघा हं. शब्द दिलाय." आणि विषय बदलला. तिच्या आवाजात काय होतं त्याचा अर्थ अजून लावतोय. मी खरंच येईन अशी भीती? की माझी गंमत? फोनवर तोंड दिसत नाही. तिच्याकडे तोंड दिसणारा फोन आहे, माझ्याकडे नाही.

४ डिसेंबर

रेडिओवर – एक-दोन दिवसांत निकाल. तीन टीम आहेत. आपली त्यात नाही.

शर्ट घड्या करून बॅगेत ठेवले. मग काढले. सुरकुत्या पडतील.

९ डिसेंबर

राहिला.

बारा वर्षं! आपल्याकडेच. सकाळी दाढी करत होतो. रेडिओवाल्याला बोलताच येईना, हुंदका का काय ते आलं त्याला. पैशांचा आकडा असा की सांगताना त्याची जीभ अडखळली. मला एवढंच ऐकू आलं – बारा वर्षं. सगळं आयुष्य इथंच खेळणार, म्हणाला तावारेस. इथल्या लोकांनी मला घरचा मानलं, म्हणाला. चांगलं पोरगं आहे. नेहमीच होतं.

बाहेर गाड्यांचे भोंगे सुरू झाले. कुणीतरी चर्चची घंटा पण वाजवली, फादरनेच वाजवली असेल. रूडी सपाता घालून बर्फातून आला. दार वाजवलं नाही, तसाच आत. अर्ध्या गालाला साबण असलेल्या मला त्याने मिठी मारली. इतक्या वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच. रडत होता.

"राहिला रे, लेन! एक तरी राहिला!"

मी पण रडलो. त्याला वाटलं तसंच. वाटू दे.

बारा वर्षांनी मी त्र्याण्णवचा. छे.

९ डिसेंबर, संध्याकाळ

डेनिसचा फोन. मी दिवसभर त्याचीच वाट बघत होतो आणि वाजला तेव्हा उचलवेना.

"बाबा, जिंकलात तुम्ही!" खूप हसत होती. जरा जास्तच. "बारा वर्षं! आता तुम्हाला तिथून कोण हलवतंय?"

मी म्हटलं, "हो ना. कुणाला वाटलं होतं."

"खूश?"

आता सांगायचं होतं. म्हटलं, "अख्खं गाव खूश आहे."

"मग ठीक. त्या मागच्या खोलीत मी माझं शिलाईचं मशीन टाकते. गॉर्डन कधीचा म्हणतोय, हॉलमध्ये अडचण होते."

"टाक, टाक," मी म्हणालो. "खोली कशाला रिकामी ठेवायची."

सुटली बिचारी. त्या हसण्यात तेच होतं – सुटल्याचं. म्हाताऱ्या बापाला घरात घ्यायची कुणाला हौस असते? बोलवायचं म्हणून बोलवत होती. मी नाही म्हणायचो ते बरंच होतं की.

११ डिसेंबर

मोठा मूर्खपणा केला.

दिवसभर रेडिओवर लोकांचे फोन. एक जण म्हणे माझ्या बापाला हे बघायला मिळायला हवं होतं, आणि ढसढसा रडला. एका बाईने नातवाचं नाव एलिसेओ ठेवायचं ठरवलंय, तावारेसवरून, आडनाव श्मिट असलं तरी. एक बाप्या म्हणाला, माझी बायको सोडून गेली, कुत्रं मेलं, पण तावारेस राहिला. सगळे हसले. मी पण हसलो. मग मला वाटलं, आपणही फोन करावा. घरात नुसता त्यांचा आवाज. त्यात माझा एक असला तर काय बिघडलं.

खूप वेळ धरून ठेवलं त्यांनी. संगीत लावतात मध्ये. मी काय बोलायचं ते पाठ करत होतो – आनंदाचा दिवस आहे, गावासाठी चांगलं झालं. मग रेडिओवाला म्हणाला, "साउथ साइडवरून लेन! बोला लेन, आज काय वाटतंय?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "बारा वर्षं फार होतात."

"फार?"

"पोरगा चांगला आहे. मी वाईट म्हणत नाही. पण त्याला जायचं असेल तर? कधी कधी माणसाला जायचं असतं. आणि सगळे टाळ्या वाजवतात म्हणून थांबावं लागतं."

तो म्हणाला, "लेन, तुम्ही नक्की आमच्याच टीमचे ना?" मागं कुणीतरी खिदळलं. "सापडला, मंडळी! अख्ख्या मिलवॉकीत एकच रडका होता, तो सापडला!" आणि पुढचा फोन घेतला.

रिसीव्हर हातात तसाच. कानात सूं आवाज.

१२ डिसेंबर, शुक्रवार

जाऊ नये वाटत होतं, पण नाही गेलो तर रूडी विचारत येईल. बर्निसकडे पाय ठेवायला जागा नाही. उभ्याने मासे खात होते लोक. तावारेसचा फोटो समोरच्या भिंतीवर मधोमध आलाय, दिव्याखाली.

दारातच कुणीतरी ओरडलं, "काय रे, रेडिओवर तो साउथ साइडचा लेन कोण?"

"लेन पुष्कळ आहेत," मी म्हटलं.

बर्निस म्हणाली, "लेन पुष्कळ असतील. रडका एकच आहे." सगळे हसले. माझ्यापुढे मोठा ग्लास ठेवला तिने, पैसे घेतले नाहीत. रूडी मात्र हसला नाही.

"खिळा काढलास का दातांनी?" कुणीतरी तिला विचारलं.

"दात माझे नाहीत, कर्जाचे आहेत. राहू दे तिथंच."

रूडी संडासाला गेला तेव्हा त्याने आपली टोपी त्या खिळ्यावर अडकवली. मी मागून गेलो तर तिथंच होती. सोडून गेलेल्या सगळ्यांच्या फोटोंमध्ये रूडीची केसाळ टोपी.

करारात म्हणे एक पळवाट आहे. शेजारचा एक तरुण वाचून दाखवत होता. पाच वर्षांनी तावारेसला वाटलं तर त्याने मोकळं व्हायचं. टीमने अडवायचं नाही. आणि त्याच्या मनाविरुद्ध टीम त्याला कुठे पाठवूही शकत नाही. मोठमोठे वकील बसून हे लिहितात. पोरगं पंचविशीचं, त्याला पुढे काय वाटेल कोण जाणे, म्हणून. शहाणे लोक. मी नुसता हात मिळवला.

परतताना पायवाटेवर बर्फ. रूडी म्हणाला, "तूच होतास."

"हो."

"तुला तो पोरगा नको होता?"

"तसं नाही रे."

"मग कसं?"

मी बोललो नाही. तो थांबला माझ्यासाठी, दिव्याच्या खांबाखाली, नाकातून वाफ सोडत. मग त्याने कोपर पुढे केलं. "धर. घसरशील."

धरलं. घरापर्यंत.

१५ डिसेंबर

बॅग अजून पलंगाखालीच आहे. माळ्यावर टाकायला शिडी मागावी लागेल. रूडी विचारेल.

१९ डिसेंबर

डॉक्टर म्हणाले, रक्तदाब बरा आहे, झोप कशी आहे? म्हटलं चांगली. भूक? चांगली. घरी कोण आहे? म्हटलं, आहेत. कोण आहेत ते त्यांनी विचारलं नाही. मीही विचार करत आलो, कोण आहेत.

२४ डिसेंबर

चर्चमधून नाताळची पापडी आणली. पांढरी, पातळ, कागदासारखी. आजच्या संध्याकाळी मोडून एकमेकांना द्यायची आणि वर्षाचं बरंवाईट बोलून टाकायचं, अशी आमची रीत. दरवर्षी निम्मी डेनिसला पाकिटातून पाठवतो. पोहोचेपर्यंत तिचा चुरा होतो. ती म्हणते, आम्ही चमच्याने खातो बाबा.

जेवणाला एक ताट जास्त मांडायचं असतं. वाट चुकून कुणी आलंच तर. जेरी सोडायची नाही ही रीत. मीही मांडलं. दोन ताटं. एक माझं, एक न आलेल्याचं. बीटाचं सूप घेऊन आलो स्वयंपाकघरातून आणि क्षणभर कळेना, मी कोणत्या ताटावर बसायचं.

डेनिसला फोन लावायच्या आधी पाठ केलं – डेनिस, मी चेष्टा करत नव्हतो. एवढंच वाक्य. लहान आहे. त्यात न जमायला काय.

गॉर्डन – "थांबा, देतो."

पापडी मोडली दोघांनी, तिने तिकडे, मी इकडे. मी म्हटलं, तुला वर्ष सुखाचं जावो. ती म्हणाली, तुम्हाला पण, बाबा. मग मी म्हटलं, "डेनिस –"

"काय बाबा?"

"भट्टी आवाज करतेय."

"माणूस बोलावलात का?"

"बोलावतो."

"बोलवा हं. थंडी आहे तिकडे." मग म्हणाली, "फेब्रुवारीत टीम इथं येईल सरावाला. तावारेस पण. आमच्या घरापासून मैदान जवळच आहे."

"हो, माहीतय मला."

"नाही, आपलं सांगितलं."

माझ्या मर्जीखातर पोरगी बेसबॉलचं बोलते. बरी आहे स्वभावाने, आईवर गेलीय.

१ जानेवारी

रूडी सकाळी येऊन गेला. सॉसेज दिलं. बराच वेळ बसला. जाताना म्हणाला, "एप्रिल येईल लवकर. नवा मोसम." मी म्हटलं, येईल.

८ जानेवारी

भट्टी बंद पडली. मेकॅनिक संध्याकाळी आला. तोवर कोट, टोपी, दोन पायमोजे घालून स्वयंपाकघरात बसलो, चुली पेटवून. मग भीती वाटली गॅसची, विझवल्या. मग थंडीची वाटली, पुन्हा पेटवल्या.

त्याने काहीतरी एक सुटा भाग बदलला. म्हणाला, "आता बारा वर्षं बघायला नको आजोबा. तावारेससारखी." हसला. सगळं गाव आता असंच बोलतंय. दुधवाल्या बाईपासून फादरपर्यंत. बारा वर्षं टिकेल, बारा वर्षं काळजी नको.

१३ जानेवारी

शिडी मागितली. रूडीने कशाला म्हणून विचारलं नाही. बॅग वर टाकायला चढलो. दुसऱ्या पायरीवर गरगरलं. उतरलो. बॅग पलंगाखाली. शिडी बोळात उभी आहे. परत द्यायला जायचंय.

१९ जानेवारी

बर्फ. टपालवाला पण आला नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

दुपारी गॉर्डनचा फोन. "थांबा, देतो" म्हणेल म्हणून मी थांबलो. तो म्हणाला, "ती घरी नाही, म्हणूनच केलाय. रेडिओवर तो साउथ साइडचा लेन – तुम्हीच ना?"

डेनिस म्हणे रोज कंप्युटरवर आपलं मिलवॉकीचं स्टेशन लावून बसायची. तावारेस गेला का, तेवढंच ऐकायला. तिला त्या दिवशी तो माझा आवाज वाटला, पण म्हणाली, बाबा असं कधी बोलायचे नाहीत. गॉर्डन तेव्हापासून विचार करतोय, आपण मध्ये पडावं का.

"तो राहिला ना, त्या दिवशी ती गॅरेजमध्ये गाडीत बसून रडली. मग तोंड धुतलं आणि तुम्हाला फोन केला. मशीन अजून हॉलमध्येच आहे, लेन. त्या खोलीत नेऊ देत नाही मला."

मी "हो" म्हणालो. कशाला हो, ते त्याने विचारलं नाही.

आता बर्निसकडे निघालोय. रूडीला वाटेतच सांगतो, त्याचं कोपर धरून. आणि बर्निसला म्हणतो, बोळातला तो खिळा आता माझ्यासाठी मोकळा ठेव. माझा एखादा बरा फोटो शोधतोय.